बेल बंद पडण्याच्या वेळा

बेल मीच बसवली होती, हे आधी सांगून टाकतो. भिंतीला भोकं मी पाडली, वायर मी ओढली, स्क्रू मी आवळले. त्यामुळे पुढं जे झालं त्यात दुसऱ्याकडं बोट दाखवायला मला जागा नाही. तरी राग येतो. तीन वर्षं झाली, अजून येतो.

सणसवाडीत कंपन्यांच्या मागच्या अंगाला आमच्या मालकांचं दुमजली घर आहे. खाली गाडी आणि शेतीचं सामान, वर ते दोघं राहतात. घराच्या मागं अंगण, अंगणात एक नळ, आणि दोन्ही बाजूंना पत्र्याच्या चौदा खोल्या. सगळ्यांना यायला-जायला एकच गेट. मालकांना सगळे आप्पा म्हणतात आणि मालकिणीला काकू. आप्पा आम्हाला नावानं हाक मारत नाहीत. भाडेकरू आज हाय, उद्या न्हाई, नावं कुठं ध्यानात ठेवायची, असं त्यांचं म्हणणं. लांबच्या मराठी माणसाला ते जिल्ह्यानं हाक मारतात, बाकीच्यांना खोलीच्या नंबरानं. मी हिंगोली.

नववीत मी शाळा सोडली. त्याला सांगण्यासारखं मोठं कारण नाही. गणिताचे मास्तर मारायचे, एक दिवस गेलो नाही, मग दुसऱ्या दिवशी जायची भीती वाटली, आणि असं करता करता शाळा राहूनच गेली. इकडं आलो तेव्हा हातात एक पिशवी होती. एका ट्रक ड्रायव्हरच्या शब्दावर आप्पांनी डिपॉझिट न घेता खोली दिली. पहिल्याच पावसाळ्यात मला डेंग्यू झाला तर काकूंनी अकरा दिवस वरून पेज पाठवली. आईनंसुद्धा काय वेगळं केलं असतं? त्यामुळे आप्पांनी हाक मारली की मी हातातलं टाकून पळायचो. पळताना वाटायचं, आपलं काही चुकलं तर नाही. उपकार आणि भीती माझ्यात अशी कालवली गेली होती की कुठलं कुठलं ते मला कळायचंच नाही.

मी कंपनीत मेंटेनन्सला हेल्पर. वायरची कामं येतात. म्हणून आप्पांच्या पुण्यातल्या मुलानं ती बेल आणून दिली तेव्हा आप्पांनी मलाच बोलावलं. गेटवर चोऱ्या होत होत्या, दोन सायकली गेल्या होत्या, गाड्यांचं पेट्रोल जायचं. ह्या बेलला कॅमेरा होता. कुणी गेटपुढं आलं की आप्पांच्या मोबाईलवर दिसायचं, आणि मोबाईलमधून बोललं की बेलमधून आवाज यायचा. बेलचा करंट गेटजवळच्या मीटरच्या पेटीतून घेतला. पेटी दोन नंबर खोलीच्या खिडकीला लागून. इंटरनेट मात्र वर आप्पांच्या घरातल्या राउटरवरून यायचं.

पहिले आठ दिवस आप्पा लहान पोरासारखे खूश होते. शेतात उसाला पाणी देताना मोबाईल काढायचे आणि आम्ही कामावरून येताना गेटमधून एकदम आवाज यायचा, "ए सात नंबर! गाडी नीट लाव की! रस्ता तुझ्या बापाचा हाय का?" सात नंबरवाला बिहारचा, तो दचकून गाडीसकट पडता पडता वाचला. सगळे हसले, मीही हसलो. रात्री पडल्यावर मला तो आवाज आठवला आणि हसल्याचं बरं वाटलं नाही. बेल बसवणारा मीच.

मग ती बंद पडायला लागली. कायमची नाही. मध्येच जायची, दोन-अडीच तासांनी आपोआप परत यायची. आप्पांनी आधी मनावर घेतलं नाही. पण मांडवगण फराट्याला त्यांच्या पुतणीचा साखरपुडा होता, काकूंना घरी ठेवून आप्पा एकटेच गेले, आणि तिथं मंडपात व्याह्यांना आणि सोसायटीच्या चार लोकांना दाखवायला त्यांनी मोबाईल काढला. "हितं बसून माझं गेट दिसतंय बघा," म्हणाले. आणि स्क्रीनवर नुसतं लिहून आलं, ऑफलाइन. व्याही म्हणाले म्हणे, "आप्पा, तुमच्या गेटवर अंधार पडला वाटतं भर दुपारी!" ते आप्पांना फार लागलं. संध्याकाळी आल्या आल्या मला हाक.

"हिंगोली, काय बसवलंस रे तू? चार मानसांत शेण घातलंस माझ्या तोंडात."

मी हात जोडले. म्हणालो, बघतो आप्पा.

बघतो म्हणजे काय, तर रोज साडेपाचला ड्यूटीवरून यायचं आणि डबा ठेवायच्या आधी शिडी लावायची. वायर बदलली. ॲडॉप्टर बदलला. बेलच्या पाठीमागं बारीक भोक असतं, त्यात पिन घालून दहा सेकंद दाबायचं, मग निळा दिवा लुकलुकतो, मग मोबाईलमध्ये पहिल्यापासून सगळं भरायचं. हे मी किती वेळा केलं ते सांगत नाही. आणि मी खाली असताना बेल एकदाही बंद पडली नाही. निळा दिवा असा शांत, जसं काही झालंच नाही.

कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. आधी बाई रेकॉर्डवर सांगायची की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग गाणं लागायचं. तिसऱ्यांदा एक मुलगी भेटली. तिनं एकच प्रश्न धरून ठेवला.

"सर, आपने राउटर चेक किया?"

"राउटर मालिक के घर में है, मॅडम."

"तो जाके देख लीजिए ना, सर."

"मॅडम, आपको कैसे समझाऊँ..." मी म्हणालो आणि फोन ठेवून दिला. तिला काय सांगणार? आप्पांच्या घराला उंबरा आहे. भाडं द्यायला, दळणाचा डबा ठेवायला, काकूंनी दिलेलं ताट परत करायला आम्ही जिन्यानं वर जातो आणि उंबऱ्याशी थांबतो. आत या असं कुणी म्हणत नाही आणि आत येऊ नका असंही कुणी म्हणत नाही. पाच वर्षांत मी त्यांचं स्वयंपाकघर पाहिलेलं नव्हतं. तरी धीर करून आप्पांना म्हणालो, एकदा राउटर बघू का?

"राउटरला काय धाड भरलीय? माझा टीवी चालतोय की रोज संध्याकाळी. आन् मोबाईलबी चालतो."

मोबाईल त्यांचा स्वतःच्या नेटवर चालत होता. ते बोलायची माझी हिंमत झाली नाही. झाली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे मला आता कळतं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याऐवजी मी काय केलं? हुशारी केली. ॲपमध्ये बेल कधी गेली, कधी आली, त्याची यादी असते. आप्पांना ती काढता येत नव्हती. मी म्हणालो, माझ्याही मोबाईलमध्ये ॲप घेतो आणि मी लिहून देतो. वही आणली. रोज संध्याकाळी तारीख आणि वेळा लिहायचो, रेघ मारून, चांगल्या अक्षरात. शाळेत कधी एवढं नीट लिहिलं नसेल. सकाळी अकराच्या सुमाराला जाते, दुपारी दीडच्या सुमाराला येते. कधी पंधरा मिनिटं मागं, कधी पुढं. आणि गुरुवारी एकदाही जात नाही. आप्पांना वही दाखवली तर त्यांनी पाठीवर थाप मारली. "शाब्बास. शिकला असतास तर सायब झाला असतास." मला इतकं बरं वाटलं की मी घरी फोन करून आईला सांगितलं.

वही दाखवली तो सोमवार. गुरुवारी आमच्याकडं कंपन्यांना सुट्टी असते. सकाळी आठला नळावर सगळ्या खोल्यांची माणसं, बादल्या, कपडे, पोरं. आप्पा टॉवेल खांद्यावर टाकून खाली आले आणि मला म्हणाले, "हिंगोली, वही आण."

मी आणली.

"वाच मोठ्यानं."

मी वाचली. सगळ्यांसमोर, नळाशेजारी उभा राहून. कशासाठी वाचायला लावतात ते मला कळलं नव्हतं. कळलं नव्हतं हे खरंच सांगतोय, पण त्यानं काय फरक पडतो?

वाचून झाल्यावर आप्पा म्हणाले, "ऐकलं सगळ्यांनी? रोज अकरा ते दीड. त्या टायमाला समदी कामावर. घरात कोण असतं? पेटी कुणाच्या खिडकीखाली हाय? आन् गुरुवारी समदी घरी असतात, तवा बरी बेल चालती!" मग त्यांनी दोन नंबरकडं मान वळवली. "कॅमेरा बंद करून कोण येतं जातं तुमच्याकडं, ते आमाला इचारायचं न्हाई. पर माझ्या वाड्यात न्हाई चालायचं. एक तारखेला खोली खाली करा."

दोन नंबरला एक ताई राहायच्या. केडगावच्या, तिथल्या जुन्या मिशनच्या शाळेत शिकलेल्या. दौंड तालुक्यातल्या, म्हणजे ह्याच भागातल्या. माझ्यासारख्या लांबच्या नाहीत. एका कंपनीत पॅकिंगला होत्या. नवऱ्यानं त्यांना सोडलं की त्यांनी नवऱ्याला, ते कुणाला नक्की माहीत नव्हतं आणि त्यांनी सांगितलंही नाही. सहा वर्षांची मुलगी, पहिलीत. ताईंना एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. त्या कामावर असल्या की शेजारच्या तीन नंबरच्या आजी मुलीला सांभाळायच्या, शाळेतून आणायच्या, जेवू घालायच्या, काही न घेता. सणसवाडीत खोल्या पुष्कळ आहेत. तीन नंबरच्या आजी एकच होत्या. ही खोली गेली म्हणजे मुलगी ठेवायची कुठं, हा प्रश्न होता, आणि नळावरच्या प्रत्येक बाईला तो कळत होता.

ताईंनी भरलेली बादली उचलली आणि खोलीत गेल्या. मुलगी नळाशीच उभी राहिली, दात घासायचा ब्रश तोंडात तसाच.

संध्याकाळी त्या माझ्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत.

"भाऊ, वही बघू जरा."

मी दिली.

त्यांनी उभ्या उभ्या पानं उलटली. "हा आठवडा. सोमवार, मंगळवार, बुधवार. अकरा दहाला गेली, दीडला आली. व्हय ना? ह्या आठवड्यात मला पहिली पाळी व्हती. सकाळी सहा ते अडीच. माझं कार्ड पंच झालंय कंपनीत. मी काय तिथनं हात लांब करून वायर उपटली?"

मी वही बघत राहिलो.

"तुम्ही एवढ्या रेघा मारून लिव्हलंत, आन् एक सादी गोष्ट इचारली न्हाई? माझी पाळी कंची?"

"ताई, मला खरंच..."

"घाबरता किती हो तुम्ही! आप्पा काय वाघ हाय?" मग वही माझ्या हातात ठेवली. "मी सांगितलं तर आप्पा म्हणतील, खोटं बोलती. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. वही तुमची हाय."

मी म्हणालो, सांगतो. पण काय सांगणार होतो? ताई नाहीत तर मग कोण, असं आप्पा विचारणार, आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते तीन-चार दिवस मला जेवण गेलं नाही. कंपनीत मशिनवर काम करताना डोळ्यापुढं ती मुलगी. मंगळवारी मी आजारी आहे म्हणून कळवलं आणि घरी राहिलो. साडेदहापासून गेटपाशी उभा, हातात मोबाईल, ॲप उघडं. ताईंची दुसरी पाळी होती, त्या खोलीत स्वयंपाक करत होत्या. दार उघडं, मला सरळ दिसत होत्या. त्यांनी मला पाहिलं. ओळख दाखवली नाही.

अकरा वाजून गेले. बेलवर निळा दिवा. आणि मग वरून घर्र असा आवाज सुरू झाला, आणि माझ्या हातातल्या मोबाईलवर अक्षरं आली. ऑफलाइन.

मी वर बघितलं. आप्पांच्या स्वयंपाकघराची खिडकी. काकूंची घरघंटी, पिठाची गिरणी.

काकू दळणं दळून देतात. सगळ्या खोल्यांची ज्वारी-गहू त्यांच्याकडंच. आम्ही सकाळी जाताना डबा जिन्यावर ठेवतो, संध्याकाळी पीठ घेतो. स्वयंपाक आवरला की अकराला गिरणी लावायच्या आणि आप्पा जेवायला यायच्या आत बंद करायच्या. गुरुवारी त्यांचा उपास. त्या दिवशी दळायचं नाही, हे त्यांच्या सासूनं घालून दिलेलं. आणि हे सगळं मला पाच वर्षं माहीत होतं. मी स्वतः बुधवारी सकाळी आठवणीनं डबा ठेवायचो, कारण गुरुवारी पीठ मिळत नाही. पण मी दिवसा कधी घरी नसायचो आणि सुट्टीच्या दिवशी गिरणी बंद, तर तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. माझ्यासाठी गिरणी म्हणजे संध्याकाळी जिन्यावर ठेवलेला गरम डबा.

मी जिना चढलो आणि पहिल्यांदा उंबरा ओलांडला. न विचारता. काकू पिठात कोपरापर्यंत माखलेल्या. भिंतीवर प्लगचा एकच पॉइंट, त्याच्यात गिरणीचा प्लग. राउटरची पिन खाली लोंबत होती आणि राउटर पिठाच्या डब्यावर, दिवे विझलेला.

"काकू, ही पिन तुम्ही काढता?"

"कंची? ही? ही काढल्याबिगर गिरणीला प्लग कुठं हाय? ह्यांच्या टीवीची हाय ती. ह्यांच्या टीवीला लागती म्हणून दळण झालं की परत लावती मी."

"काकू, बेल ह्याच्यावर चालते. गेटवरची."

"गेटवरची बेल हितं कशी चालंल? ती गेटच्या लायटीवर हाय. तूच न्हाई का वायर टाकलीस?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी गिरणी बंद केली. मग हळूच विचारलं, "म्हंजी त्या पोरीला उठवत्यात ते ह्याच्यापायी?"

"तुम्हाला आप्पा बोलले नाहीत?"

"मला कोण काय बोलतंय? बेल बंद पडती म्हणून ह्या घरात मला एका मानसानं इचारलं असतं, तर मी सांगितलं नसतं व्हय?"

मला तेव्हाच खाली जाऊन ताईंना सांगायला पाहिजे होतं. दार समोर उघडं होतं. पण काकूंनी पिठाचा हात माझ्या हातावर ठेवला. "तू नको सांगू. मी सांगती ह्यांना, त्यांचा मूड बघून. तुझ्या तोंडून कळलं तर चार मानसांत माझी लाज काढतील." अकरा दिवसांची पेज माझ्या डोळ्यापुढं आली. मी बरं म्हणालो. खाली उतरलो आणि ताईंच्या दारावरून मान खाली घालून गेलो.

मंगळवार गेला, बुधवार गेला. बुधवारी संध्याकाळी आप्पा दुकानातून एक मोठा एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन आलेले मी पाहिले. म्हणजे काकूंनी सांगितलं होतं. मला वाटलं, झालं, आता आप्पा ताईंना बोलतील. दोन नंबरला मात्र कुलूप होतं. त्यांनी रजा टाकून मुलीला कुठंतरी नेलं होतं.

गुरुवारी नळावर आप्पा आले. टॉवेल तसाच खांद्यावर.

"बेलचं काम झालं बरं का. लाइनला फॉल्ट व्हता. बोर्ड बदलला म्या." मग दोन नंबरकडं न बघता म्हणाले, "आन् तुमी ऱ्हावा आता. काय न्हाई. पोरगी हाय तुमची, म्या काय निर्दयी मानूस न्हाई."

चार बायकांनी माना हलवल्या. कुणी म्हणालं, आप्पांचं मन मोठं. ह्या माणसानं एका बाईला सगळ्यांसमोर नागवं केलं, आणि आता पांघरूण टाकायचे उपकार करतोय! आणि मी पाच वर्षं अशाच उपकारांना पाया पडत आलो होतो का, हा विचार तेव्हा पहिल्यांदा आला, आणि आला तो नीट गेला नाही अजून.

ताईंनी बादली नळाखालून काढली. "आप्पा, मागच्या गुरुवारी तुम्ही हितंच बोलला व्हता. कॅमेरा बंद करून कोण येतं जातं म्हणून."

"झालं ना आता? ऱ्हावा म्हनलं की."

"ऱ्हावा म्हनलंत. फॉल्ट कुठं व्हता ते सांगा."

"लाइनला व्हता म्हनलं! हिंगोली, सांग हिला. तूच बघत व्हतास ना? लाइनचा फॉल्ट व्हता का न्हाई?"

वर गॅलरीत काकू उभ्या होत्या. माझ्याकडं बघत होत्या. आप्पाही बघत होते, आणि नळावरचे सगळे. ताई बघत नव्हत्या. त्यांनी मुलीचा हात धरला होता आणि त्या जमिनीकडं बघत होत्या, जसं काही मी काय बोलणार ते त्यांना आधीच माहीत आहे. त्याचाच मला जास्त राग आला. माझाच राग.

"लाइनचा नव्हता," मी म्हणालो. आवाज इतका मोठा आला की मीच दचकलो. "तुमच्या घरात राउटरची पिन काढून घरघंटी लावतात. अकरा ते दीड दळण. गुरुवारी दळण नसतं म्हणून बेल चालू. राउटर बघू द्या म्हणालो होतो मी, तुम्ही बघू दिला नाही. ताई त्या आठवड्यात पहिल्या पाळीला होत्या. कुणी आलं नाही, गेलं नाही."

सात नंबरवाला फिस्सकन हसला. "मतलब चक्की ने चोरी किया!" मग पाच नंबरवाली हसली, मग आणखी कुणी. वर गॅलरीचं दार आपटलं.

आप्पांचं तोंड लाल झालं. "लई शाना झालास तू. खाल्ल्या अन्नाला जागायची रीतच न्हाई तुमच्याकडं."

"ताईंना बोला तेवढं," मी म्हणालो.

ते बोलले नाहीत. टॉवेल झटकला आणि गेले. आजपर्यंत बोललेले नाहीत. पण परत खोली खाली करा असंही म्हणाले नाहीत. सगळ्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे म्हणता आलं नाही.

त्या दुपारी मी वर गेलो, उंबऱ्याशी उभा राहिलो. काकू ज्वारी निवडत होत्या. वर बघितलं नाही.

"काकू, चुकलं माझं."

"खरं बोलला, त्यात चुकलं काय?" सुपात खडा शोधत त्या म्हणाल्या. "माझ्यापायी दोन दिस थांबायचं नव्हतंस, एवढंच. आन् म्यातरी कशाला थांबले? त्याच दिशी खाली येऊन बोलले असते तर काय मान कापली असती माझी?" मग ओरडल्या, "जा आता. उभा काय ऱ्हायलास?"

खाली ताई दारात बसल्या होत्या. मला वाटलं आभार मानतील. खरं सांगतो, वाटलं.

"कवा कळलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारी."

"मंगळवारी. सकाळी गेटपाशी हुबे व्हता तवाच ना? माझ्या दारावरनं गेलात. काल मी केडगावला गेले व्हते. मिशनच्या होस्टेलात पोरीचं नाव घालून आले. हिला सांगितलं, आई तुला आयतवारी भेटायला येईल. रात्रभर रडली ती. गादी वल्ली केली." मग म्हणाल्या, "मंगळवारी दुपारी एक शब्द बोलला असता तर मी गेलेच नसते."

मी म्हणालो, मी येतो तुमच्याबरोबर केडगावला, नाव काढून आणू.

"तुम्ही कशाला? माझी पोरगी हाय."

पुढच्या गुरुवारी त्या एकट्याच मुलीला घेऊन गेल्या आणि नाव काढून आणलं. मुलगी परत तीन नंबरच्या आजींकडं बसायला लागली, त्यांच्याकडंच जेवते, अंगणात दोरीवरच्या उड्या मारते. ताई माझ्याशी बोलतात. पाणी आलं का, लाइट गेली का, तेवढं बोलतात.

मुलगी बोलत नाही. आधी मी आलो की काका म्हणून पळत यायची, डब्यातलं उरलंसुरलं मागायची. आता मी गेटमधून आत आलो की दोरी गोळा करते आणि आजींच्या दारात जाऊन उभी राहते, मी माझ्या खोलीत जाईपर्यंत.

आज सकाळी मी दुकानातून बिस्किटाचा पुडा आणला. तीन नंबरच्या आजींकडं दिला, म्हणालो तिला द्या. आजींनी आत हाक मारून विचारलं, घेतेस का गं? आतून आवाज आला, "न्हाई."

पुडा माझ्याकडंच आहे.